आधी चेन, मग गिअर

सकाळी ७

उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकातून इंदूरच्या गाड्यांची हाकाटी सुरू झाली की मी माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करतो. इतक्या लवकर येणारं गिऱ्हाईक म्हणजे कोठी रोडवर फेऱ्या मारून परतणारी निवृत्त मंडळी. गुडघ्यांमुळे चालणं सुटलं आणि सायकल धरली, असे बरेच जण आहेत. आज आलेले काका बँकेतून निवृत्त झालेले. सायकल स्टँडवर लावायच्या आधीच म्हणाले, "अरे, परवाच तेल पाजलं, तरी चीं चीं करतेच आहे."

चेनवरून बोट फिरवलं तर काळा, चिकट थर. स्वयंपाकघरातलं मोहरीचं तेल घातलं होतं. खायचं तेल हवेत राहिलं की घट्ट आणि चिकट होतं. वरून तेलकट दिसणारी ही चेन आत पिन आणि रोलरच्या मधे मात्र कोरडी ठणठणीत होती, आणि चीं चीं तिथूनच येत होतं. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्यामुळे डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन चेन धुतली, कपड्याने पुसली, वाळू दिली. मग खालच्या बाजूच्या चेनला आतल्या अंगाने, पॅडल उलटं फिरवत, एकेका रोलरवर एकेक थेंब. दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं तेल पुसून काढलं.

"घातलेलं पुसतोस कशाला?" काकांनी विचारलं. बाहेरचं तेल काहीच कामाचं नसतं, ते फक्त धूळ धरून ठेवतं. पाऊस उघडला की माळव्याची काळी माती सुकून भुकटी होते, त्यात २०२८ च्या सिंहस्थासाठी इंदूर रस्त्याचं रुंदीकरण चाललं आहे. ही धूळ तेलात कालवली की पॉलिश पेपरचं काम करते आणि प्रत्येक फेरीला पिन थोडी थोडी खाते. पुसणं हा तेल घालण्याचाच भाग आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सकाळी ९

शेव घातलेले पोहे हातात आहेत तोवर शाळेची मुलगी चेन उतरलेली सायकल ढकलत आली. बिनगिअरची लेडीज सायकल, बंद चेनकव्हर. मागच्या चाकाचे नट ढिले झाल्याने चाक पुढे सरकलं होतं आणि चेन लोंबत होती. चाक मागे ओढलं, मधोमध चेन वरखाली अर्धा इंच हलेल इतकी ढील ठेवली, पॅडल पूर्ण फिरवून पाहिलं. पुढचं चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे हे अर्धं इंच मोजायचं. मुलगी वेळेत शाळेत गेली, पोहे गार झाले.

सकाळी १०

दिवसाचं खरं काम दहाला आलं. फ्रीगंजातल्या एक ताई आणि त्यांचा अकरावीतला मुलगा. घरात मराठी, आजेसासरे ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत उज्जैनला आले ते इथलेच झाले, असं बोलता बोलता कळलं. मुलाच्या क्लाससाठी, बदली होऊन जाणाऱ्या एका कुटुंबाकडून त्यांनी २१ गिअरची जुनी सायकल घेतली होती. पुढे तीन, मागे सात.

"दादा, दोन ठिकाणी दाखवली. एक म्हणाला गिअर काढून टाका, साधी करून देतो. दुसऱ्याने स्क्रू फिरवून दिले, ते दोन दिवस टिकलं. आता तर जोर दिला की पाय एकदम खाली जातो."

मुलाने मान खाली घातली होती. व्हिडिओ बघून त्यानेही स्क्रू फिरवले होते. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. स्क्रू समोर दिसतो, हाताला लागतो, आणि फिरवला की काहीतरी बदलतं, त्यामुळे सगळ्यांचा हात आधी तिथेच जातो.

मी आधी विचारत बसतो. जोर दिल्यावरच उडी मारते की निवांत चालवतानाही? सगळ्या गिअरांत की काहींतच? मोठ्या चकतीवर चढत नाही की चढल्यावर लहान चकतीवर परत येत नाही? मुलाने नीट उत्तरं दिली. उडी फक्त जोर दिल्यावर, तीही मधल्या गिअरांत. आणि मोठ्या चकतीवर चेन जाते, पण परत यायला दोन-दोन पॅडल घेते, कधी येतच नाही.

हे दोन वेगळे आजार आहेत. जोर दिल्यावर चेन दातांवरून उडते तेव्हा चेन किंवा दात झिजलेले असतात, आणि तिथे कुठलाही स्क्रू काही करू शकत नाही. लहान चकतीवर परत येत नाही तेव्हा बहुतेक वेळा केबल आत अडकत असते. चेनला लहान चकतीकडे नेण्याचं काम मागच्या गिअरच्या स्प्रिंगचं असतं, आणि गंजलेल्या केबलला परत ओढण्याइतका जोर त्या स्प्रिंगमध्ये नसतो. हे दोन आजार एक समजून स्क्रू फिरवत गेलं की तिसरा आजार तयार होतो, आणि तो या सायकलला झालेला होताच.

म्हणून क्रम ठरलेला. आधी चेन, मग मागच्या चकत्या, मग हँगर, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू.

चेन मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. साधी सायकल असो की महागडी, हे माप जगभर एकच. तेव्हा २४ पिना पुढे मोजलं की बरोबर १२ इंच यायला हवेत. चेन ताणून धरून पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवायचं आणि बारा इंचाजवळची पिन कुठे आहे ते बघायचं. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण सूत पुढे असेल तर चेनने आपल्याबरोबर मागच्या चकत्याही खाल्लेल्या असतात. ताईंना पट्टी दाखवली. पिन बारा इंचाच्या खुणेपासून सुतापेक्षाही थोडी जास्त पुढे होती.

"म्हणजे लोखंड ताणलं?" त्यांनी विचारलं.

लोखंड तसं ताणलं जात नाही. पट्ट्या जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत. आतली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश झिजतो, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते, आणि चोवीस सांध्यांची ती बेरीज पट्टीवर दिसते. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं, त्यामागेही झिजेचाच प्रश्न होता. दातावर घासण्याऐवजी रोलर फिरतो, आणि पिनेचा भार पूर्ण बुशवर पसरतो. आजची चेनही त्याच तत्त्वावर चालते.

लांबलेली चेन दातांच्या मुळाशी बसत नाही, वर चढून बसते, आणि दातांना एका अंगाने खाते. मागच्या तिसऱ्या-चौथ्या चकतीचे दात एका बाजूला झुकून अणकुचीदार झाले होते. मधल्या गिअरांत सगळ्यात जास्त चालवलेली सायकल होती, म्हणून उडीही तिथेच. अशा वेळी फक्त चेन बदलून दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं, कारण नवी चेन झिजलेल्या दातांवर जुन्यापेक्षाही जास्त उडते. ताईंना स्पष्ट सांगितलं: चेन आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, दोन्ही. पुढची चेनव्हील्स अजून ठीक आहेत, ती राहू देत. त्या तयार झाल्या.

सकाळी ११.३०

फ्रीव्हील काढणं हे या दुकानातलं सगळ्यात अंगमेहनतीचं काम. हे हबवर आट्यांनी बसवलेलं असतं आणि पॅडलच्या प्रत्येक जोराने आणखी घट्ट होत जातं. वर्षानुवर्षं चालवलेल्या सायकलचं फ्रीव्हील म्हणजे कुणीतरी रोज थोडं थोडं आवळून ठेवलेलं. आधी त्यातल्या खाचा बघून जुळणारा रिमूव्हर निवडायचा, तो ॲक्सलच्या नटने जागेवर दाबून ठेवायचा, नाहीतर खाचा तुटतात आणि मग छिन्नीशिवाय गती नसते. रिमूव्हर बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडला, चाक आडवं ठेवलं, रिमला दोन्ही हातांनी धरून डावीकडे हिसका दिला. दोनदा काही नाही, मग सुटलं. आटे साफ केले, ग्रीस लावलं. ग्रीसशिवाय फ्रीव्हील बसवणारा मिस्त्री पुढच्या मिस्त्रीच्या खांद्याचा विचार करत नाही, असं माझं मत आहे.

चाक निघालंच होतं, म्हणून हँगर बघून घेतला. मागचा गिअर फ्रेमच्या टोकाला ज्या पट्टीवर लटकतो तो हा हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की सगळा मार याच्यावर येतो. जुन्या सायकलींत निम्मे तरी सरळ नसतात असा माझा अनुभव. नवं फ्रीव्हील लावून चाक बसवलं आणि मागून पाहिलं: वरचं आणि खालचं लहान चाक एका उभ्या रेषेत नव्हतं, खालचं आत वळलेलं. गिअर काढून हँगरच्या आट्यात मापाचा लांब दांडा लावला. वर, खाली, पुढे, मागे, चारही ठिकाणी दांड्याचं टोक रिमपासून सारखं लांब हवं. खाली जवळजवळ एक बोटाचा फरक होता. फ्रेम पोलादी, त्यामुळे हळूहळू सरळ करता आला. ॲल्युमिनियमची असती तर जास्त जपून करावं लागलं असतं. एकदा वाकवून सरळ केलं तर चालतं, पुन्हा पुन्हा केलं तर तडकतं, आणि बदलता येणारा हँगर असेल तर मी सरळ नवाच सांगतो.

इतके दिवस याच वाकड्या हँगरवर स्क्रू फिरवले जात होते. गिअर तिरका लटकत असेल तर एका टोकाला जमवलेलं दुसऱ्या टोकाला बिघडतं. दुसऱ्या मिस्त्रीचं दोनच दिवस टिकलं ते एवढ्यासाठीच.

मग चेन. गिअरमधून न घेता पुढच्या सगळ्यात मोठ्या चेनव्हीलवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून चेन ताणून गुंडाळायची, जिथे दोन टोकं भेटतात त्याच्यावर एक इंच जास्त ठेवायचा आणि बाकीची कापायची. आखूड झाली तर मोठ्यावर मोठी टाकताच गिअर उपटून येतो. लांब झाली तर लहानवर लहान टाकली की लोंबते. चेन सहा-सात-आठ गिअरची, अरुंद हवी. बिनगिअरच्या सायकलची रुंद चेन इथे कधीच नीट चालत नाही, तरी लावलेली मी पाहिली आहे. पिन ठोकल्यावर तो सांधा कडक राहिला होता, चेन दोन्ही अंगठ्यांनी आडवी किंचित वाकवली आणि मोकळा झाला. हा कडक सांधा तसाच राहिला तर ठरावीक अंतराने टक टक येते आणि माणूस पुन्हा गिअरच्या स्क्रूला दोष देतो.

दुपारी १.३०

दुकानामागेच घर. वरणभात, दोडक्याची भाजी, आणि वीस मिनिटं पाठ टेकणं.

दुपारी २.३०

केबल काढली. आत गंज, आणि मागच्या गिअरजवळ जिथे आऊटर, म्हणजे केबलची बाहेरची नळी, वळसा घेतं तिथे पाणी साचून आत चिखल. पण त्याहून मोठी गोष्ट हाताला लागली. कुणीतरी गिअरच्या आऊटरच्या जागी ब्रेकचं आऊटर लावलं होतं. बाहेरून दोन्ही काळ्या नळ्याच. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार गोल गोल गुंडाळलेली असते आणि ओढल्यावर ती थोडी दबते. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीला सरळ असतात, त्या दबत नाहीत. सात गिअरच्या सायकलला हँडलवरच्या एका टक्‌ला केबल सुमारे तीन मिलिमीटर ओढली जाते, आणि तेवढ्यात चेन पाच मिलिमीटर सरकून शेजारच्या चकतीवर बसायला हवी. त्यातला एक मिलिमीटर आऊटर दबण्यातच गेला तर उरतं काय?

शिमानोने १९८४ मध्ये टक्‌ टक्‌ करणारे हे गिअर आणले. त्याआधी बहुतेक सायकलींवर चालवणारा स्वतः दांडी सरकवून अंदाजाने चेन जागेवर बसवायचा. थोडं चुकलं तर हाताने सावरायचा. टक्‌ आली आणि अंदाजाचं काम हँडलवरच्या पेटीकडे गेलं. नव्या माणसाला त्याने फार सोपं झालं, पण केबल, आऊटर, हँगर सगळं अचूक असल्याशिवाय ती पेटी काही करू शकत नाही. शिमानोचा साकाईतला कारखाना १९२१ साली फ्रीव्हीलपासून सुरू झाला होता हे मला आवडतं. फ्रीव्हील आधी, गिअर नंतर.

नवी केबल, नवं आऊटर, टोकांना टोप्या. आऊटर कापल्यावर तोंड सपाट घासून घेतलं.

दुपारी ४

आता स्क्रू. क्लास सुटून मुलगा परत आला होता, म्हणून स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

"केबल अजून जोडू नकोस. चेन आपोआप कुठे आहे?"

"सगळ्यात लहान चकतीवर, काका."

"मागून बघ. गिअरचं वरचं लहान चाक त्या चकतीच्या बाहेरच्या कडेखाली येईपर्यंत 'एच' लिहिलेला स्क्रू फिरव." मग हाताने गिअर आत ढकलून सगळ्यात मोठ्या चकतीखाली आणला आणि 'एल'चा स्क्रू लावला. हा स्क्रू ढिला असेल तर चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे, थेट आऱ्यांत पडते. आरे तुटतात, चाक जाम होतं, आणि चढावर असेल तर माणूस पडतो. याच्या आधीच्या मिस्त्रीने तो जवळजवळ पूर्ण सैल सोडला होता. चेन मोठ्या चकतीवर चढावी म्हणून सोडला असणार. या दोन स्क्रूंचं काम फक्त हद्द आखण्याचं. मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही, हे मुलाला दोनदा सांगितलं.

मग केबल ताणून आवळली आणि गिअरच्या मागे जिथे केबल शिरते तिथला गोल ॲडजस्टर दाखवला. एक टक्‌ देऊन चेन मोठ्या चकतीवर जायला कुरकुरली तर तो बाहेरच्या दिशेने, घड्याळाच्या उलट, पाव फेरी. लहान चकतीवर यायला कुरकुरली तर पाव फेरी घड्याळाच्या दिशेने. एका वेळी पाव फेरीच, आणि प्रत्येक वेळी पॅडल फिरवून बघायचं. मुलाने सातही चकत्या वरखाली केल्या. पाचव्यावर थोडी खरखर होती, आणखी पाव फेरीने तीही गेली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुढच्या तीन चेनव्हील्सचा हिशोबही त्याला समजावला. पुढे ४२ आणि मागे १४ दात असतील तर एका पॅडलला चाक तीन वेळा फिरतं, सायकल सव्वासहा मीटर जाते. पुढे २४, मागे २८ असतील तर चाक एक पूर्ण फेरीसुद्धा घेत नाही, पावणेदोन मीटर जाते, पण चढावर पाय हलका पडतो. "उज्जैनमध्ये मधल्या चेनव्हीलवर राहा. पुढे सगळ्यात मोठं आणि मागेही सगळ्यात मोठं, असं कधी टाकू नकोस, चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर झिजते. आणि गिअर टाकताना पाय फिरते ठेव, पण जोर काढून घे. चढ लागायच्या आधी टाक, लागल्यावर नाही."

संध्याकाळी ५.३०

एका दुकानात डिलिव्हरीचं काम करणारा तरुण आला. त्यालाही गिअर काढून साधी करून हवी होती. हे रोजचं आहे. गिअर बिघडले, की चेन कापून एका चकतीवर बसवायची, केबल तोडून टाकायची, वीस मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. मला हे बघवत नाही. ज्याच्या पाठीवर ओझं आहे, ज्याला उन्हात पूल चढायचा आहे, त्याच्याकडूनच हलका गिअर काढून घेतला जातो, आणि "गिअरवाली घेऊ नका, टिकत नाही" हे गावभर पसरतं. त्याची सायकल स्टँडवर लावली. चेन मोजली तर अर्ध्या सुताच्या आत. हँगर सरळ. केबल मधेच तुटायला आलेली, बस. केबल बदलली, ॲडजस्टर जमवला, आणि तो गिअरसकट गेला. केबलचे पैसे साधी करण्याच्या मजुरीहून कमी झाले.

संध्याकाळी ६.३०

स्टँडवर सगळ्या सायकली छान चालतात. भार पडल्यावर काय होतं ते रस्त्यावरच कळतं, म्हणून फ्रीगंजच्या मुलाची सायकल घेऊन हरिफाटकच्या पुलावर गेलो. चढावर उभं राहून मुद्दाम मधल्या गिअरांत जोर दिला. उडी नाही. उतारावर एकेक टक्‌ने लहान चकतीपर्यंत आलो, सगळ्या पहिल्या फटक्यात बसल्या. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी सैलावते, तेव्हा महिनाभराने परत आण, असं चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधलं. तेव्हा ॲडजस्टर मुलगाच फिरवेल.

रात्री ८

शटर अर्धं खाली असताना देवासहून फोन आला. ओळखीतल्या बाईंच्या भाच्याला जुनी गिअरची सायकल घ्यायची होती, उद्या बघायला जाणार होता. काय बघू, असं विचारत होता.

"जाताना फूटपट्टी ने," मी म्हटलं. "पिनेपासून पिनेपर्यंत बारा इंच मोज. अर्ध्या सुताच्या पुढे असेल तर नुसती चेन, पूर्ण सुताच्या पुढे असेल तर फ्रीव्हीलही धरून किंमत सांग. मागून बघ, गिअर सरळ लटकतो का. हात लावून चाकाची कड हलवून बघ, खडखड आहे का. मागच्या मोठ्या चकतीमागचे आरे बघ, चेन आत पडून ओरखडे आलेत का. पुढचा ब्रेक दाबून ठेवून पॅडलवर पाय जोरात दे, क्रँक कुरकुरतो का ते ऐक. मग चढ असेल तिथे चालव, आणि उभं राहून चालव. विकणारा म्हणेल फक्त ट्यूनिंग लागेल. ट्यूनिंग शेवटी असतं, ते मी करून देतो. फ्रेमला वेल्डिंगजवळ तडा दिसला तर मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस."

तो सगळं लिहून घेत होता. तडा कसा ओळखायचा हे त्याने विचारलं, तेव्हा रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्या कडेने गंज, असं सांगितलं, आणि शंका आली तर फोटो पाठव म्हटलं.